डाकूला अहोजाहो

आमच्या चित्रपटातला डाकू टिश्यूपेपरात थुंकत असे. थुंकून झालं की तो कागदाची नीट चौघडी घाली, जाकिटाच्या खिशात ठेवी, आणि मगच समोर उभ्या असलेल्या नगरपालाकडं जळजळीत नजरेनं पाही. दिग्दर्शकांचा तसा आग्रहच होता. सिंगापुरात रस्त्यावर थुंकणं हा गुन्हा आहे, आणि केवळ डाकूची भूमिका मिळाली म्हणून एखाद्यानं खरोखरीचा गुन्हा करावा, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दिग्दर्शक हे हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहणारे गृहस्थ. बँकेत ते कंप्लायन्समध्ये होते, म्हणजे इतर लोक नियम पाळतात की नाही हे पाहणं हीच त्यांची नोकरी होती. त्यांनी नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि दिवाळीच्या फराळाला जमणाऱ्या आमच्या मराठी घरांना त्या वर्षी गाण्याच्या भेंड्यांऐवजी काहीतरी ‘वेगळं’ दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. नगरपाल होता माझा नवरा. सहायक नगरपाल आमची दहा वर्षांची लेक. संवाद मी लिहिणार होते, कारण पुण्याला असताना मी कॉलेजात कविता शिकवत असे, आणि कविता येते त्याला काहीही लिहिता येतं अशी लोकांची एक गोड समजूत असते. आणि डाकू होते माझे सासरे, आबा.

आबा फौजदार म्हणून निवृत्त झालेले. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी ठाण्यांचं पाणी पिऊन शेवटी कराडला स्थिरावले होते. सासूबाई गेल्यावर तिथल्या घरात एकटेच राहत. एका सकाळी न्हाणीत पाय घसरून पडले, आणि दूधवाल्यानं कडी वाजवून वाजवून शेजारीपाजारी गोळा करेपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिले. हाड मोडलं नाही. पण ती बातमी फोनवरून समुद्र ओलांडून आली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या आत काहीतरी मोडलं. तो विमानानं गेला आणि आबांना घेऊन आला. ‘थोडे दिवस’ असं सांगून आणलं होतं. त्या थोड्या दिवसांना वर्ष होत आलं होतं, आणि आता नवरा आबांना इथं कायमचं ठेवता यावं म्हणून राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून घ्यायच्या खटपटीला लागला होता.

आबांना कराडला जायचं होतं. एवढी एकच गोष्ट आमच्या घरात त्या वर्षभर होती. बाकी सगळं तिच्या अवतीभोवती, भिंतीवरच्या पालीकडं न बघता जेवावं तसं, चाललेलं असे.

“मी पुष्कळांना तडीपार केलं, सूनबाई,” ते मला म्हणत. “पण जिल्ह्याच्या बाहेर. माझ्या लेकानं मला देशाच्या बाहेर घातलं. पोरगं बापाच्या पुढं गेलं म्हणायचं.”

पहिले काही आठवडे त्यांना हे शहर फार आवडलं होतं. सिग्नलपाशी एकही गाडी नसताना माणसं हिरव्या दिव्याची वाट पाहत मुकाट उभी राहतात, हे ते खाली उतरून पाहून येत, देवळात जाऊन यावं तसे. मग हळूहळू त्यांचा चेहरा पडू लागला. “इथं सगळेच कायद्यानं वागतात,” ते म्हणाले, “मी काय करू?” त्यांच्यासारख्या माणसाला ते निर्दोष, पुसून ठेवलेलं शहर बेचव लागत असावं, मीठ न घातलेल्या भातासारखं. दुपारी ते खिडकीत उभे राहत. समोरच्या ब्लॉकच्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं एकदम एका दिशेला वळत, आणि आबा तेवढ्यावरून घटकाभर नजर काढत नसत. जणू त्यांतला एखादा सदरा केव्हातरी कायदा मोडेल.

कोणता चित्रपट करायचा, याची बैठक आमच्याकडं भरली. ऐतिहासिक नाटकाची कल्पना पुढं आली. पण अंगरखे, पगड्या, तलवारी आणायच्या कुठून? तेव्हा कोपऱ्यातून आबा म्हणाले, “काऊबॉय करा.”

सगळे त्यांच्याकडं पाहू लागले.

“कराडच्या थिएटरात बंदोबस्ताला असायचो मी. मॉर्निंग शोला काऊबॉयचं इंग्लिश पिक्चर. एक अक्षर कळत नसे. पण कळायला असतं काय? एकजण म्हणतो, गावातनं चालता हो. दुसरा म्हणतो, नाही होत. शेवटी कुणीतरी होतो. आमचं खातंच ते.”

“उत्तम!” दिग्दर्शक उठून उभेच राहिले. “मग आबा, शेरीफ तुम्हीच.”

“छे. जन्मभर तेच केलं. मी डाकू.”

“का हो?”

“शेवटी घोड्यावर बसून जातो कोण? डाकू. शेरीफ मागं राहतो. त्याला पंचनामा करायचा असतो.”

हे म्हणताना त्यांनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं नाही. नवरा टेबलापाशी बसून त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या वारांच्या खणांत भरत होता. शनिवारच्या खणात गोळी टाकताना त्याचा हात क्षणभर थबकला, एवढंच.

शब्दांचा घोळ तिथूनच सुरू झाला. ‘शेरीफ’ला आपल्याकडं चांगला शब्द आहे, मुंबईला नगरपाल असतोच की, असं मी सुचवलं. आबांनी भुवया उंचावल्या. “म्हणजे ते विमानतळावर पाहुण्यांना हार घालतात ते? त्यांच्याकडं बंदूक कुठली?” पण दिग्दर्शकांना नेमकं हेच पसंत पडलं, बंदुकीवाचूनचा अधिकारी त्यांच्या मनाजोगता होता. डाकू हा ‘तडीपार’ असेल, हे आबांनी ठरवलं. मला तो शब्द तोवर केवळ वर्तमानपत्री वाटत आला होता. तो त्यांच्या तोंडून ऐकला आणि त्यातलं पाणी दिसलं: तड, म्हणजे काठ, आणि त्या काठाच्या पलीकडं घातलेला माणूस. गावाचं नाव धूळवाडी ठरलं. धूळ मात्र सिंगापुरात शोधूनही सापडेना.

तयारीचे ते दिवस आठवले की अजून दालचिनीचा वास येतो. कारण चिरूट चालणार नव्हता. डाकूच्या ओठांत चिरूटाऐवजी दालचिनीची कांडी आली, आणि आबा ती चघळत घरभर हिंडू लागले. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका बाळगणं तर दिग्दर्शकांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी पाण्याच्या पिचकाऱ्या आणल्या, एक पोपटी आणि एक भगभगीत नारिंगी, “म्हणजे लांबूनही कुणाचा गैरसमज व्हायला नको.” बिअरच्या बाटल्या फोडायच्या दृश्यात दह्याचे रिकामे डबे मांडले गेले, आणि प्रत्येक गोळीबारानंतर डाकू आणि नगरपाल दोघंही वाकून ते वेचत आणि पिशवीत भरत.

घोड्यांच्या जागी सायकली होत्या. कॅमेरा कमरेच्या वर ठेवायचा, चाकं दिसू द्यायची नाहीत, बस्स, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. पण हौगांगचे रस्ते इतके गुळगुळीत, की आमचे घोडे तुपावरून घसरत गेल्यासारखे दिसू लागले.

“वरखाली व्हा!” दिग्दर्शक ओरडत. “घोडा आहे तो!”

माझा नवरा पॅडल मारता मारता वरखाली होऊ लागला आणि पाठीत उसण भरून घरी आला. आबा मात्र, सारा जन्म सायकलवर गस्त घातलेला माणूस, खोगिरावर बसावं तसे सायकलवर बसत. त्यांचे गुडघे बाहेर वळलेले होते. हॅट घालून ते चालत येऊ लागले की क्षणभर मलाही कुठूनतरी घोड्याच्या घामाचा वास येई.

वाळवंट मिळालं पुंगोलला. तिथं तेव्हा नव्या वसाहतीसाठी जमीन मोकळी करून ठेवली होती. पिवळी, ओलसर वाळू, तिच्यावर कंबरभर लालांग गवत, आणि मागून खाडीच्या चिखलाचा तुरट वास. फक्त त्या वाळूभोवती कुंपण होतं आणि ‘सरकारी जागा, प्रवेश बंद’ अशी पाटी होती. दिग्दर्शक त्या पाटीपुढं हात जोडावेत तसे उभे राहिले. कुंपण ओलांडायचं नाही. वाळवंट केवळ पाहायचं. धूळवाडीतलं सगळं नाट्य पदपथावर घडेल. डावीकडं चौकटीत वाळू, वर आकाश, आणि उजवीकडं, चौकटीच्या बाहेर, बसचा थांबा.

“आणि डाकू शेवटी जाणार कुठं?” मी विचारलं.

“पदपथावरून सरळ. आपण चौकटीतून बाहेर गेलेला दाखवू.”

गोळीचा आवाज मात्र खरा मिळाला. पलीकडं इमारतीच्या पायासाठी खांब ठोकणारं अवजड यंत्र होतं. ते दम खात खात ठोका देई, धाड, आणि पायाखालची जमीन हले. दिग्दर्शक हर्षभरित झाले. मग काय, नगरपाल पोपटी पिचकारी रोखून उभा, डाकू नारिंगी पिचकारी रोखून उभा, आणि ठोका पडेपर्यंत कुणालाच मरता येईना. एकदा यंत्रावरचे कामगार चहाला गेले आणि दोघं वीर उन्हात एकमेकांवर नेम धरून इतका वेळ उभे राहिले की आबांनी शेवटी विचारलं, “डब्यात काय आणलंय, सूनबाई?”

ती शनिवारची दुपार. शेवटचं दृश्य तेवढं उरलं होतं. मी त्यासाठी एक वाक्य लिहिलं होतं, ज्याचा मला मनातून अभिमान होता: ‘मावळत्या उन्हाला साक्ष ठेवून सांगतो, ही वेस ओलांड, आणि मागं वळून पाहशील तर तुझी सावलीही तुला परकी होईल.’ नवऱ्याला ते पाठ होईना. कापता कापता त्याचं उरलं ‘चालता हो.’ त्यावर डाकूनं म्हणायचं, ‘जातो,’ आणि निघून जायचं. दोन माणसं, तीन शब्द.

नगरपालानं पाय फाकले. छातीवर बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा तारा चमकला.

“तुम्ही तडीपार आहात,” माझा नवरा गरजला. “या गावातून चालते व्हा!”

“कट!” दिग्दर्शक म्हणाले. “अरे मित्रा, ‘चालता हो’. ‘तू’ म्हण. नगरपाल डाकूला अहोजाहो करतो का?”

“बरोबर. सॉरी.”

पुन्हा पाय फाकले गेले. “तडीपार आहेस... आहात तुम्ही, आबा.”

“आबा नाही! डाकू!”

“तोंडातून निघतच नाही हो.”

“म्हण की, लेका,” आबा दालचिनी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले. “वाक्य आहे का गळ्यात अडकलेला माशाचा काटा? मोकळं कर.”

पुढच्या खेपेला त्यानं डोळे मिटून ‘चालता’ एवढं म्हटलं आणि मग ‘हो’ऐवजी ‘व्हा’ आलं, चालता व्हा. व्याकरणाचा तो अपघात ऐकून मी तोंड फिरवलं. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं सगळं वाक्य बरोबर म्हटलं, पण म्हणता म्हणता वाकून आबांच्या पायांकडं हात गेला.

“पप्पा, यू आर द शेरीफ, कॅनॉट टच फीट लाह!” सहायक नगरपाल कंबरेवर हात ठेवून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

मग डाकूची बाजू अडली. “मी ‘जातो’ म्हणणार नाही,” आबांनी जाहीर केलं. “घरातनं निघताना ‘जातो’ म्हणू नये. मी ‘येतो’ म्हणणार.”

दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. “आबा, डाकू ‘येतो’ म्हणाला तर तडीपारीला अर्थ काय राहिला?”

“तडीपार माणूस येतोच. मला विचारा.”

 ज्याला विचारायचं तोच सांगत होता.

तेवढ्यात पोलिसांची गाडी येऊन थांबली. दोन तरुण शिपाई खाली उतरले. पलीकडच्या इमारतीतून कुणीतरी फोन केला असावा. पदपथावर गळ्यात रुमाल बांधलेला एक म्हातारा आणि पत्र्याचा तारा लावलेला एक माणूस दुपारभर एकमेकांवर ओरडताहेत, हे काही नियमित दृश्य नव्हे. दिग्दर्शक पांढरेफटक पडले. आयुष्यभर ज्या क्षणापासून ते दूर पळत आले होते तो क्षण गणवेश घालून समोर उभा होता. त्यांनी दोन्ही पिचकाऱ्या पुढं केल्या, पाण्यासकट.

आबांनी मात्र टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. तो इतका खरा होता की दोघांतल्या एका शिपायाचा हात आपोआप कपाळाशी गेला.

“रिटायर्ड पोलीस,” आबा छातीवर हात ठेवून म्हणाले. “इंडिया. टुडे, डाकू.”

शिपाई हसले. पिचकाऱ्या उलटसुलट पाहून परत दिल्या, कुंपणाच्या आत कुणी गेलं नाही ना याची खात्री केली, उन्हं कलायच्या आत आवरा म्हणाले. निघता निघता त्यांतल्या धाकट्यानं सहज विचारलं, “अंकल, हाऊ लाँग यू स्टेइंग हिअर?”

आबांनी दालचिनी तोंडातून काढली. पिचकारीचं टोक नवऱ्याकडं वळवलं.

“आस्क हिम. आय अॅम इन कस्टडी.”

शिपायाला तो विनोद वाटला. गाडी गेली. दिग्दर्शक पदपथाच्या कडेवर बसून पाणी प्यायले. मग उठले आणि म्हणाले, “लाइट चांगला आहे. एकदाच, शेवटचं. कॅमेरा चालू.”

खरंच चांगला होता. वाळू मधाच्या रंगाची झाली होती आणि लालांगचे पांढरे तुरे वाऱ्यात एकमेकांना काही सांगत होते. आबा आपल्या जागी जाऊन उभे राहिले. नवरा उभा राहिला. पण त्याची पिचकारी खाली होती.

“कस्टडी?” तो म्हणाला.

“वाक्य म्हण.”

“आबा, मी तुम्हाला कोंडून ठेवलंय?”

“कॅमेरा चालू आहे,” दिग्दर्शक पुटपुटले.

“सकाळी गोळ्या देतो, संध्याकाळी फिरायला नेतो. न्हाणीत रबराची चटई घातली. रोज रात्री उठून बघतो तुम्ही...” त्यानं मनगटानं तोंड पुसलं. “तिथं पडून राहिला होतात तुम्ही. थंड फरशीवर. माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते.”

“पडलो मी,” आबा शांतपणे म्हणाले. “आणि लंगडतोयस तू. वर्ष झालं. अरे, माझं घर आहे तिथं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर चार म्हातारी माणसं माझी वाट बघतात, का तर मी गेल्याशिवाय त्यांना भांडायला कुणी नसतं. इथं मी तुझ्या खिडकीतली कुंडी झालोय. पाणी मिळतंय. नाही असं नाही.”

“मग जा!” माझा नवरा ओरडला. मी त्याला तसं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. “जायचंय ना? जा! जा!”

धाड.

यंत्राचा ठोका पडला. पायाखालची जमीन हलली. कुणीही मेलं नाही.

आबांनी दालचिनी ओठांत परत ठेवली. हॅटच्या कडेला एक बोट लावलं. “येतो,” ते म्हणाले.

आणि माझा नवरा, रागानं कानापर्यंत लाल झालेला, छातीवर पत्र्याचा तारा मिरवणारा धूळवाडीचा नगरपाल, जन्माच्या सवयीनं म्हणाला, “या. सावकाश या.”

आबा वळले आणि पदपथावरून चालू लागले. गुडघे बाहेर, पाठ ताठ. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी मागं न पाहता निरोपाचा हात उंच केला. तसं पटकथेतच होतं. पटकथेत नव्हती ती बस. ती आमच्या मागून आली, आणि थांब्यापाशी हात वर केलेला माणूस पाहून चालकानं कर्तव्यबुद्धीनं ती थांबवली. फुस्स करून दार उघडलं. आबा थबकले. उघड्या दाराकडं पाहिलं. कमरेला बांधलेल्या पिचकारीच्या म्यानात हात घातला, बसचं कार्ड काढलं, आणि पायरी चढून आत गेले. दार मिटलं. बस निघाली.

“आबा गॉन,” लेक म्हणाली.

त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. नवऱ्यानं ते ऐकलं आणि सायकलवर झेप घेतली. “आबा! आबा, थांबा!” बस पुढं, मागं नगरपाल, उभ्यानं पॅडल मारत, तारा उन्हात लकाकत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा घोडा घोड्यासारखा उधळत होता. दिग्दर्शक चित्रण करतच राहिले. नंतर म्हणाले, बंद करायचं सुचलंच नाही.

बस दिसेनाशी झाली. आम्ही बस बदलायच्या इंटरचेंजला शोधलं, पुन्हा थांब्यावर गेलो, टॅक्सीच्या काचेतून प्रत्येक पदपथ पाहत हौगांगला आलो.  नवऱ्याच्या हातांना सायकलच्या रबराचा वास येत होता, आणि तो हात पुनःपुन्हा पँटला पुसत होता.

आमच्या ब्लॉकच्या तळाशी, मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलापाशी आबा बसले होते. हॅट टेबलावर, शेजारी केळ्यांचा घड, हातात दोरीला लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी. नळीनं ती पीत होते.

“उशीर केलात,” ते म्हणाले.

“आबा, तुम्ही... कसे आलात?”

“बस बदलली. इंटरचेंजला एकाला विचारलं. मी हिंदीत विचारलं, त्यानं चिनी भाषेत सांगितलं. कळलं की.” मग माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहून, जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, “पडलो नाही. दांडा धरून उतरलो.”

नवरा त्यांच्यासमोर बसला. 

“न्हाणीत दांडा बसवून घेतो,” नवरा टेबलाकडं पाहत म्हणाला. “कराडच्या. दोन. एक आत, एक दाराशी.”

“बसव.”

“आणि फोन रोज करायचा.”

“एक दिवसाआड. रोज काय बोलायचं?”

“रोज.”

“बरं, बरं. रोज. पण तू आधी ‘जेवलात का’ विचारायचं नाहीस.”

आणि त्यांनी एक केळं सोलून त्याच्यापुढं धरलं. नगरपालानं ते मुकाट्यानं खाल्लं.

दिवाळीच्या फराळाला चित्रपट दाखवला गेला. चकल्यांचे आवाज थांबवून सगळे हसले. टिश्यूपेपराला हसले, तुपावरून घसरणाऱ्या घोड्यांना हसले. ‘या, सावकाश या’ला आणि थांबलेल्या बसला तर इतके हसले की एकीनं डोळ्यांतलं काजळ पुसलं. दिग्दर्शकांनी एकही दृश्य कापलं नव्हतं. मधलं ते कस्टडीचं बोलणं तेवढं पार्श्वसंगीतानं झाकलं होतं, हा त्यांचा सभ्यपणा. नंतर लोकांनी माझं अभिनंदन केलं. संवाद फार नैसर्गिक आहेत म्हणाले. त्यांतलं एकही वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर आबा निघाले. हॅट बॅगेत मावेना, म्हणून डोक्यावर घातली. विमानतळावर आत जाण्याच्या काचेपाशी आम्ही नमस्कार केले, त्यांनी आशीर्वाद दिले, दोन पावलं गेले आणि परत आले. गॅसचं बटण रात्री बघत जा, म्हणाले. गेले, परत आले. तुळशीला फार पाणी घालू नका. गेले, परत आले. पोरीला मराठी बोलायला लावा, नाहीतर मी फोनवर बोलू कुणाशी? वर विमानाची सूचना होत होती. वर्षभर जायला आतुर असलेला माणूस ती काच काही ओलांडेना.

माझ्या नवऱ्यानं खिशातून काहीतरी काढून सदऱ्याला लावलं. पत्र्याचा तारा होता. मग त्यानं, त्या चकचकीत फरशीवर, पाय फाकले.

“आबा,” तो म्हणाला, “चालते व्हा.”

आबा त्याच्याकडं पाहत राहिले. ओठांच्या कडा हलल्या. “आता शोभतोस खरा नगरपाल. विमानतळावरचा.” हॅटच्या कडेला बोट लागलं. “येतो.”

ह्या वेळी ते परत आले नाहीत. काचेपलीकडं पासपोर्ट पाहणाऱ्या बाईंनी खूण केली तेव्हा त्यांनी हॅट काढून चेहरा दाखवला, लगेच पुन्हा घातली, आणि गुडघे बाहेर वळवत आत निघाले.

“या,” माझा नवरा म्हणाला. पुढचं त्याला म्हणवेना.

आमच्या लेकीनं क्षणभर वाट पाहिली. “पप्पा, यू फरगॉट द सेकंड हाफ,” ती म्हणाली. आणि मग, इंग्रजीशिवाय उत्तर न देणाऱ्या त्या मुलीनं काचेला दोन्ही तळवे लावले आणि सगळं दालन वळून पाहील एवढ्या मोठ्यानं हाक दिली:

“सावकाश या, आबा!”